कर्जाच्या वहीतून घडलेलं प्रजासत्ताक: सुरुवातीची अमेरिका आणि भांडवलशाही

रोजकीर्द (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अमेरिकन राज्यक्रांतीवर इथे बरंच बोलून झालं आहे. चहाच्या पेट्या, स्टॅम्प कायदा, १७७६ चा जाहीरनामा वगैरे. युद्ध संपल्यानंतरच्या दहा-बारा वर्षांबद्दल मात्र आपण फारसं बोललेलो नाही. माझ्या मते तिथल्या समाजाचा आणि राजकारणाचा साचा पडला तो याच वर्षांत, आणि तो पाडला कर्जाने. कोण कोणाचं किती देणं लागतो, ते कुठल्या नाण्यात फेडायचं, फेडता आलं नाही तर कोणाचं काय जप्त व्हायचं, यावरून बंडं झाली, राज्यघटनेत कलमं आली, पहिले पक्ष जन्माला आले. अमेरिकन भांडवलशाही म्हटलं की गिरण्या आणि रेल्वे आठवतात. त्या पुढच्या गोष्टी. त्याआधी वही होती, म्हणून सुरुवात तिथून करतो.

मॅसॅच्युसेट्सच्या आतल्या भागातलं, कनेटिकट नदीच्या खोऱ्यातलं एखादं गाव घ्या. शेतकरी, मोची, लोहार, दुकानदार, सगळ्यांकडे हिशेबाची वही असे. एकाने दिवसभर बैलजोडी दिली, दुसऱ्याच्या मुलाने दोन दिवस गवत कापलं, तिसऱ्याने बूट शिवून दिले. सगळं शिलिंग-पेन्समध्ये मांडलेलं, पण रोकड क्वचितच हातात पडायची. दोन-चार वर्षांनी दोघं समोरासमोर बसायचे, हिशेब जुळवायचे आणि उरलेली बाकी पुढे ओढायचे. अशा खातेउधारीवर बहुधा व्याज नसे. हे लोक भोळे होते किंवा त्यांना बाजार माहीत नव्हता असं अजिबात नाही. पै-पैचा हिशेब ते ठेवत होते. फक्त देणेकरी आणि घेणेकरी एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर बसणारे होते.

१७८३ मध्ये युद्ध संपलं आणि लंडनच्या व्यापाऱ्यांनी पुन्हा उधारीवर माल ओतायला सुरुवात केली. त्याच वर्षी ब्रिटनने आपली वेस्ट इंडिजमधली बंदरं अमेरिकन जहाजांना बंद केली. त्या व्यापारातूनच सोन्याचांदीची नाणी यायची, ती आटली. मग लंडनने बोस्टनकडे तगादा लावला, बोस्टनने आतल्या गावांतल्या दुकानदारांकडे आणि दुकानदारांनी शेतकऱ्यांकडे. प्रत्येकाला रोख हवी होती, तीही नाण्यांत. साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या माणसाकडे जमीन होती, गुरं होती, कष्ट करायची तयारी होती. नाणी मात्र नव्हती.

त्यात राज्य सरकारने भर घातली. युद्धात शिपायांना पगार म्हणून कागदी रोखे दिले होते. घरी परतलेल्या शिपायाला बियाणं घ्यायचं होतं, जुनी देणी भागवायची होती. त्याने ते रोखे दर्शनी किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याला, कधी त्याहूनही कमी किमतीला विकून टाकले. घेणारे मुख्यतः बंदरांतले व्यापारी. आता मॅसॅच्युसेट्स सरकारने हे युद्धकर्ज जवळजवळ पूर्ण किमतीने, व्याजासह फेडायचं ठरवलं आणि त्यासाठी जबर कर बसवले. ते कर पुन्हा नाण्यांत भरायचे. ज्याने पगाराचा कागद कवडीमोलाने विकला होता, तोच आता तो कागद विकत घेणाऱ्याला पूर्ण पैसे मिळावेत म्हणून कर भरू लागला. हा सगळा धागा मी ज्या कारणासाठी काढला ते कारण हेच. याबद्दल वाचलं की मला आजही राग येतो.

शेतकऱ्यांनी आधी अर्ज केले. गावोगाव सभा भरवून विनंत्या पाठवल्या: कागदी चलन काढा, धान्य-गुरांच्या रूपात कर्जफेड मान्य करा, कोर्टाचा खर्च कमी करा. बोस्टनमधल्या विधिमंडळाने त्यातलं फारसं काही ऐकलं नाही. २९ ऑगस्ट १७८६ रोजी नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टासमोर सुमारे दीड हजार माणसं जमली आणि न्यायाधीशांना आत जाऊ दिलं नाही. कोर्ट भरलं नाही की कर्जाचे दावे चालत नाहीत आणि जप्तीचे हुकूम निघत नाहीत, एवढा साधा विचार त्यामागे होता. पुढे ज्याचं नाव या बंडाला मिळालं तो डॅनियल शेज क्रांतियुद्धात कॅप्टन होता, बंकर हिलला आणि साराटोगाला लढला होता. खुद्द त्याच्यावरही कर्जाचे दावे होते. फ्रेंच सेनानी लाफायेतने भेट दिलेली तलवार त्याला विकावी लागली होती, असं सांगतात.

गव्हर्नर जेम्स बोडनने सैन्य उभारायचं ठरवलं, पण तिजोरीत पैसे नव्हते. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि त्या पैशावर जनरल बेंजामिन लिंकनची फौज निघाली. कर्ज देणाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून सैन्य उभं केलं, हे नीट लक्षात घ्या. २५ जानेवारी १७८७ रोजी शेजची माणसं स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेली, तेव्हा तिथल्या तोफांच्या माऱ्यात चार जण मेले. पुढच्या दहा-बारा दिवसांत बंडाचा कणा मोडला.

त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात घटना परिषद बसली. शेजच्या बंडाच्या बातम्यांनी वॉशिंग्टन किती अस्वस्थ झाला होता ते त्याच्या पत्रांत दिसतं. राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाचं दहावं कलम मुद्दाम वाचून बघा. कुठल्याही राज्याने कागदी चलन काढायचं नाही, कर्जफेडीसाठी सोन्याचांदीच्या नाण्यांशिवाय दुसरं काही कायदेशीर ठरवायचं नाही, कराराच्या बंधनाला बाध येईल असा कायदा करायचा नाही. नॉर्थॅम्प्टनसमोर जमलेल्या माणसांच्या मुख्य मागण्या यातून कायमच्या बाद झाल्या. ऱ्होड आयलंडने १७८६ मध्ये कागदी चलन काढून ते घेणं सक्तीचं केलं होतं, आणि त्या कागदात कर्जफेड स्वीकारायला लागू नये म्हणून सावकार देणेकऱ्यांना चुकवत फिरत होते. त्या राज्याने फिलाडेल्फियाला प्रतिनिधीच पाठवला नाही.

राज्यघटना म्हणजे फक्त सावकारांचा कट, असं माझं म्हणणं नाही. संघराज्याकडे परदेशी कर्ज फेडायला पैसे नव्हते, राज्यं एकमेकांच्या मालावर जकात लावत होती, या अडचणी खऱ्या होत्या. पण त्या सोडवताना कर्जदाराच्या हातातली सगळी हत्यारं काढून घेतली गेली, आणि मतपेटीतून ती परत मिळणार नाहीत अशी तजवीज झाली. आज आपण ज्याला 'बाजाराचे नियम' म्हणतो ते तिथे आपोआप उगवले नव्हते. तोफा आणि कलमं, दोन्ही लागली.

पुढे अर्थमंत्री हॅमिल्टनने काय केलं, व्हिस्कीवरचा कर, गुलामगिरी, जमिनी हे सगळं प्रतिसादांत बोलूया. जाणकारांनी भर घालावी.

---

पाणवठा

उत्तम धागा. एक प्रश्न. शिपायाने रोखे स्वतःच्या मर्जीने विकले ना? घेणाऱ्याने धोका पत्करला. सरकार बुडालं असतं तर त्याचा कागद रद्दी झाला असता. मग पूर्ण पैसे मागण्यात त्याचं काय चुकलं?

---

व्याजदर

पाणवठा यांच्याशी सहमत, आणि हॅमिल्टनची बाजू इथे नीट मांडायला हवी.

जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री म्हणून त्याने काँग्रेसपुढे अहवाल ठेवला, तेव्हा केंद्राचं आणि राज्यांचं मिळून देणं सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर होतं. त्याचा प्रस्ताव असा, की राज्यांचं युद्धकर्जही केंद्राने अंगावर घ्यायचं, जुने रोखे गोळा करून नवे द्यायचे आणि ज्याच्या हातात आज रोखा आहे त्यालाच पैसे मिळतील. काँग्रेस सदस्य मॅडिसनने उपसूचना आणली, की आजच्या धारकाला बाजारातला सर्वांत चढा भाव द्या आणि उरलेली रक्कम मूळ शिपायाला द्या. ऐकायला न्याय्य वाटतं. पण एकदा सरकारने 'तू स्वस्तात घेतलास म्हणून तुला कमी देतो' असं म्हटलं, की पुढच्या वेळी सरकारचा रोखा चांगल्या किमतीला कोण घेईल? रोखा निर्धास्तपणे हस्तांतरित होतो म्हणूनच त्याला किंमत असते. मॅडिसनची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली.

परिणाम बघा. १७८० च्या दशकात ज्या देशाला कोणी दारात उभं करत नव्हतं, त्याने १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियाना दीड कोटी डॉलरला घेतलं. त्यातले १ कोटी साडेबारा लाख रोख्यांच्या रूपाने दिले आणि ते रोखे लंडनच्या बेरिंग आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी उचलले. देशाचा आकार दुप्पट झाला, तो सरकारच्या या आर्थिक पतीच्या (क्रेडिटच्या) जोरावर. आणि हा व्यवहार केला कोणी? हॅमिल्टनला आयुष्यभर विरोध करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष जेफरसनने.

---

रोजकीर्द

@पाणवठा, 'मर्जीने विकले' हे अर्धंच खरं आहे. घरी परतलेल्या माणसाला त्याच हंगामात पैसे लागत होते. धनिकाला थांबता येत होतं. त्यातल्या अनेकांना काँग्रेसमध्ये काय शिजतंय ते आधी कळत होतं, आणि काँग्रेसच्या बऱ्याच सदस्यांकडे स्वतःकडेच रोखे होते. हॅमिल्टनचा अहवाल आल्यावर जॉर्जियाचा प्रतिनिधी जेम्स जॅक्सन सभागृहात उभा राहिला आणि त्याने सांगितलं, की पंधरवड्यात न्यूयॉर्क बंदरातून तीन जहाजं सट्ट्यासाठी निघाली आहेत. दक्षिणेकडच्या राज्यांत बातमी पोचायच्या आत तिथल्या लोकांकडून रोखे विकत घ्यायला. तिथल्या विधवेला किंवा लंगड्या शिपायाला ठाऊकच नव्हतं, की आपल्या पेटीतला कागद येत्या काही महिन्यांत पूर्ण किमतीचा होणार आहे. याला धोका पत्करणं म्हणणं मला पटत नाही.

@व्याजदर, पतीचा मुद्दा मान्य. पण या पतीचं व्याज भरलं कोणी तेही पाहू. राज्यांचं कर्ज अंगावर घेतल्यामुळे उत्पन्न हवं होतं, म्हणून १७९१ मध्ये व्हिस्कीवर अबकारी कर आला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातला शेतकरी धान्याची दारू गाळायचा कारण अ‍ॅलेघेनी डोंगर ओलांडून धान्य घोड्यावरून नेणं परवडत नसे. तेवढ्याच घोड्यावर दारूच्या रूपात कितीतरी पट धान्य जायचं. तिकडे नाण्यांचा इतका तुटवडा होता की मजुरीसुद्धा व्हिस्कीत दिली जायची. म्हणजे कर बसला तो त्याच्या चलनावरच, आणि तो भरायचा रोखीत. कराची रचनाही अशी की मोठ्या भट्टीवाल्याला दर गॅलनमागे कमी पडायचा. त्या भागातला करनिरीक्षक जॉन नेव्हिल स्वतः मोठा भट्टीवाला होता. जुलै १७९४ मध्ये लोकांनी त्याचं घर जाळलं. वॉशिंग्टनने जवळपास १३ हजारांची फौज काढली आणि काही अंतर तो स्वतः घोड्यावरून बरोबर गेला. फौज पोचेपर्यंत समोर लढायला कोणी उरलं नव्हतं. जेफरसन सत्तेवर आल्यावर १८०२ मध्ये हा कर गेला. त्याच्या पक्षाला डोंगराळ भागातून मिळालेल्या मतांमागे ही आठवण होती.

---

माळरान

वाचता वाचता अंगावर काटा आला. आम्ही भीमथडीकडचे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, कर्जखतं-रोखे मागून घेतले आणि जाळले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. मारहाण फार थोडी झाली, कागद मात्र हटकून जाळले. नॉर्थॅम्प्टनला कोर्ट बंद पाडलं आणि इकडे खतं जाळली, दोन्हीकडे माणसांना नेमकं ठाऊक होतं की आपला गळा कशात अडकलाय.

आणि या दोन गोष्टींत नुसतं साम्य नाही, त्यांना जोडणारी वाट अमेरिकेतूनच येते. १८६१ ला तिकडे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले. त्या तेजीच्या भरवशावर सावकारांनी दख्खनमध्ये हात सैल सोडून कर्ज वाटलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, वर सरकारने शेतसारा वाढवला आणि उधारी एकदम बंद झाली. लंडन-बोस्टन-गाव अशी जी साखळी रोजकीर्द यांनी सांगितली तीच इथे लिव्हरपूल-मुंबई-सुपे अशी होती.

एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दंग्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. शेतकऱ्याला कर्जापायी अटक बंद झाली आणि स्पष्ट तारण दिलेली नसेल तर जमीन कर्जात विकायला बंदी आली. परक्या सरकारने, स्वतःच्या सोयीसाठी का होईना, पण दिलं. मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतःच्या सरकारने काही दिलं का?

---

रोजकीर्द

दिलं, माळरानभाऊ. १७८७ च्या वसंतात निवडणूक झाली आणि बोडन दणदणीत हरला. आधीचा गव्हर्नर जॉन हॅनकॉक परत आला. नव्या विधिमंडळाने प्रत्यक्ष कर कमी केले आणि कपडे, घरातली भांडीकुंडी, धंद्याची अवजारं कर्जाच्या जप्तीतून वगळली. शेजलाही पुढे माफी मिळाली. म्हणजे राज्याच्या पातळीवर मताला वजन होतं. म्हणूनच दहाव्या कलमाचं महत्त्व जास्त. पुढच्या वेळी अशी एखादी विधानसभा निवडून आली तरी तिला कुठे थांबावं लागेल, ते त्याने आखून टाकलं.

---

अक्षरधूळ

आतापर्यंतची चर्चा गोऱ्या कर्जदाराची झाली. वहीचं दुसरं पान उघडायला हवं. या अर्थव्यवस्थेतलं सर्वांत तरल, सर्वांत सहज गहाण ठेवता येणारं तारण जमीन नव्हती, माणसं होती. जमीन विकायला वेळ लागतो आणि ती जागची हलत नाही. गुलाम माणसाला चालवत दुसऱ्या राज्यात नेऊन विकता येत होतं. व्हर्जिनियातला बागायतदार लंडनच्या आणि ग्लासगोच्या व्यापाऱ्यांच्या उधारीवर पिढ्यानपिढ्या जगला, आणि ती उधारी शेवटी फेडली गेली ती या माणसांच्या अंगावर.

जेफरसनचंच उदाहरण घ्या. १७९६ मध्ये त्याने माँटिचेलो या आपल्या व्हर्जिनियातल्या जमीनजुमल्यावरचे गुलाम तारण ठेवून डच पेढीकडून कर्ज काढलं. १८२६ मध्ये तो वारला तेव्हा देणं एक लाख डॉलरच्या वर गेलं होतं. जानेवारी १८२७ मध्ये माँटिचेलोवर लिलाव झाला. १३० माणसांची जाहिरात होती. जोसेफ फॉसेट हा तिथला लोहार. मृत्युपत्राने मुक्त केलेल्या पाच जणांत त्याचं नाव होतं. त्याची बायको इडिथ अध्यक्षांच्या निवासस्थानात फ्रेंच स्वयंपाक शिकून आलेली, माँटिचेलोची मुख्य स्वयंपाकीण. तिचं नाव त्या पाचांत नव्हतं. ती आणि मुलं लिलावात विकली गेली. जोसेफने पुढे मिळेल तशी जमवाजमव करून तिला आणि काही मुलांना परत मिळवलं. सगळी नाही मिळाली. 'सर्व माणसं समान' लिहिणाऱ्याच्या कर्जाचा हप्ता या घराने भरला.

हे एका घरापुरतं राहिलं नाही. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं, कापूस मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरला आणि बागायतदारांना भांडवल हवं झालं. लुइझियानात १८२७ मध्ये बागायतदारांची एक बँकच निघाली. सभासदांनी जमिनी आणि गुलाम गहाण टाकायचे, त्यावर बँकेने रोखे काढायचे, राज्य सरकारने हमी द्यायची आणि ते रोखे बेरिंगमार्फत लंडनला विकले जायचे. लंडनमध्ये बसून रोखा घेणाऱ्याने आयुष्यात गुलाम पाहिलेला नसेल. गुलामांच्या व्यापाराला त्याच्या समाजात तोवर कायद्याने बंदीही होती. पण त्याच्या व्याजाची हमी कापसाच्या रांगेत वाकलेल्या बाईच्या अंगाची होती. १७९० च्या जनगणनेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये चाळीस लाख झाले. १८०८ पासून बाहेरून माणसं आणायला बंदी होती, तरीही.

राज्यघटनेत तीन-पंचमांश कलम होतं, म्हणजे दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरून त्या संख्येवर मालकांच्या राज्यांना जास्तीच्या जागा. ज्याच्याकडे हे तारण जास्त त्याच्या राज्याला काँग्रेसमध्ये मतं जास्त. पहिल्या बारा अध्यक्षांपैकी दोन अ‍ॅडम्स सोडले तर बाकी सगळ्यांनी आयुष्यात कधी ना कधी गुलाम बाळगले होते.

---

पाणवठा

फॉसेट कुटुंबाबद्दल आजवर काहीच माहीत नव्हतं. अक्षरधूळ, यावर स्वतंत्र लेख लिहाच.

---

केतकी_बोस्टन

मी या भागात राहते म्हणून लॉवेल या मॅसॅच्युसेट्समधल्या कापडगिरण्यांच्या गावाबद्दल थोडं. तिथल्या जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे. तळमजल्यावर मागांची रांग अजून चालवून दाखवतात. आत जाताना कानात घालायला बोळे देतात. तरीही पायाखालची जमीन थरथरते ती हाडात जाणवते. बाजूला उभ्या माणसाशी बोलायचं तर खुणा कराव्या लागतात. तिथे १८३० च्या दशकात शेतकऱ्यांच्या मुली दिवसाला बारा-तेरा तास उभ्या असत. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, कंपनीच्या खानावळीत राहायचं, रविवारी चर्चला जायचंच.

आता यात आपला धागा कुठे जोडला जातो ते सांगते. ज्याचं नाव या गावाला मिळालं तो फ्रान्सिस कॅबट लॉवेल हा मुळात व्यापारी. बोस्टनच्या इंडिया व्हार्फ या धक्क्यात त्याचा पैसा होता, आणि कलकत्त्याहून येणारं सुती कापड हा त्या व्यापारातला मोठा माल होता. १८१२ च्या युद्धात व्यापार बंद पडला, तेव्हा त्याने आणि सोबत्यांनी वॉल्टहॅमला गिरणी काढली. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानी जाडंभरडं कापड पुन्हा येणार हे दिसताच तो वॉशिंग्टनला जाऊन बसला. १८१६ च्या जकात कायद्यात तरतूद आली: सुती कापड कितीही स्वस्त असो, त्याची किंमत वाराला किमान २५ सेंट धरूनच जकात लावायची. लॉवेलच्या गिरणीलाही हेच कापड विणायचं होतं. बंगालच्या विणकराचं कापड या एका ओळीने अमेरिकेच्या बाजारातून जवळजवळ हद्दपार झालं. अमेरिकन उद्योग मुक्त बाजारात वाढला असं म्हणणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी.

आणि त्या गिरणीत कापूस कुठला? अक्षरधूळ यांनी सांगितलेल्या मिसिसिपीचा. न्यू इंग्लंडच्या काही गिरण्या तर खास गुलामांच्या अंगावर घालायचं भरड कापड विणून दक्षिणेला विकत होत्या.

फेब्रुवारी १८३४ मध्ये मालकांनी मजुरी कापायची ठरवलं, तेव्हा सुमारे आठशे मुली माग सोडून रस्त्यावर आल्या. त्यांच्या पत्रकात त्यांनी स्वतःला स्वतंत्र माणसांच्या मुली म्हटलं, क्रांतीत लढलेल्या आजोबांचा दाखला दिला. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला फार आवडते. गावातल्या बँकांत ठेवलेली आपली बचत काढून घ्यायला त्यांनी रांगा लावल्या. पैशाची ताकद कशात असते हे त्यांना त्या गिरणीनेच शिकवलं होतं. तो संप फसला. १८३६ मध्ये खानावळीचे दर वाढवले तेव्हा मात्र जास्त मुली बाहेर पडल्या आणि मालकांना काही ठिकाणी माघार घ्यावी लागली.

---

निळी_शाई

केतकीताईंच्या प्रतिसादावरून आठवलं. मालमत्ता असेल तर मत, या नियमाची एक विलक्षण बाजू न्यू जर्सीत दिसते. १७७६ च्या तिथल्या घटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' मत होतं. त्यामुळे अविवाहित बायका आणि विधवा खरोखर मतदान करत होत्या, काही मुक्त कृष्णवर्णीयही. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, म्हणून तिला मत नाही. १८०७ मध्ये विधिमंडळाने मताधिकार गोऱ्या पुरुषांपुरता केला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बहुतेक राज्यांत गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट गेली, त्याला लोकशाहीचा विस्तार म्हणतात. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्यांची अट काढली आणि कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरची कायम ठेवली.

आणि रोख्यांचा विषय निघालाच आहे तर अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सचं नाव यायला हवं. नवरा जॉन अ‍ॅडम्स जमीन घ्या म्हणायचा, ही सरकारी रोखे घ्यायची. तेही पडत्या भावात. कायद्याने तिच्या नावावर काही असू शकत नव्हतं, तरी ती 'माझे पैसे' म्हणूनच लिहायची. रोजकीर्द यांचा राग मला समजतो, पण रोखे विकत घेणाऱ्यांत सगळे बोस्टनचे शेठच नव्हते, हेही नोंदवून ठेवते.

---

रोजकीर्द

निळी_शाई, ही नोंद महत्त्वाची आहे. धागा त्यामुळे समृद्ध झाला.

जमिनीचं सांगायचं राहिलं होतं. गोऱ्या शेतकऱ्याचा असंतोष पुढे बंडापर्यंत फारसा का गेला नाही, याचं एक उत्तर पश्चिमेकडच्या जमिनीत आहे. १७८५ च्या कायद्याने ओहायो नदीपलीकडचा मुलूख सहा-सहा मैलांच्या चौकोनांत मोजायला घेतला. प्रत्येक चौकोनाचे ६४० एकरांचे ३६ तुकडे, एकरी किमान एक डॉलर. आधी अख्खा तुकडाच घ्यावा लागे, म्हणजे धनिकाचंच काम. १८०० मध्ये ३२० एकर, तेही उधारीवर. १८१९ च्या मंदीत ही उधारी थकली, मग १८२० मध्ये उधारी बंद आणि ८० एकर, एकरी सव्वा डॉलर रोख. सामान्य माणसाच्या आवाक्यात जमीन आली ती अशी.

पण ती जमीन मोकळी नव्हती, तिथे मूळ रहिवासी जमाती राहत होत्या, आणि त्यांच्याविरुद्धही कर्जच वापरलं गेलं. २७ फेब्रुवारी १८०३ रोजी जेफरसनने इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसनला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: आपली सरकारी व्यापारी ठाणी वाढवावीत, या जमातींतली वजनदार माणसं कर्जात बुडालेली आपल्याला आवडतील, कारण फेडण्यापलीकडे देणं गेलं की ते जमीन तोडून द्यायला तयार होतात. हे राष्ट्राध्यक्षाच्या हातचं, खाजगी पत्रातलं. दोनच वर्षांनी, १८०५ मध्ये, चॉक्टॉ या मूळ रहिवासी जमातीशी माउंट डेक्स्टरचा तह झाला. त्यांनी मिसिसिपीतली सुमारे ४० लाख एकर जमीन दिली. बदल्यात ५० हजार डॉलर ठरले, त्यातले ४८ हजार थेट व्यापाऱ्यांच्या थकबाकीला वळते झाले. बंदुका, दारूगोळा, कापड, घोंगड्या यांची ती उधारी. पुढे याच भागात कापूस आला आणि त्यामागून गहाण पडलेली माणसं.

---

पाणवठा

म्हणजे प्रत्येक वेळी खालचाच माणूस भरतो. मोठे लोक कधी बुडाले नाहीत का?

---

व्याजदर

बुडाले, आणि वाईट बुडाले. रॉबर्ट मॉरिस घ्या. क्रांतियुद्धाचा पैसा ज्याने उभा केला, जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवर दोन्हींवर ज्याची सही आहे. लाखो एकर जमिनीच्या सट्ट्यात तो गळ्यापर्यंत रुतला आणि १७९८ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात गेला. वॉशिंग्टन त्याला भेटायला तुरुंगात गेला आणि तिथेच त्याच्याबरोबर जेवला. जेम्स विल्सन तर सर्वोच्च न्यायालयाचा पदावर असलेला न्यायाधीश. धनकोंना चुकवत राज्याराज्यांत फिरत होता, तोही तुरुंगात जाऊन आला आणि १७९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात वारला.

पण बुडाल्यावर काय झालं तेही सांगायला हवं, आणि इथे मी रोजकीर्द यांच्या बाजूने बोलतो आहे. अशा माणसांची संख्या वाढल्यावर काँग्रेसने १८०० मध्ये दिवाळखोरीचा पहिला केंद्रीय कायदा केला. मॉरिस त्याचाच आधार घेऊन १८०१ मध्ये सुटला. हा कायदा फक्त व्यापारी, पेढीवाले, दलाल अशांना लागू होता आणि देणं किमान एक हजार डॉलरचं हवं होतं. पन्नास डॉलरसाठी कोठडीत पडलेल्या शेतकऱ्याला किंवा मोच्याला त्यात जागाच नव्हती. तो कायदाही १८०३ मध्ये रद्द झाला. कर्जापायी तुरुंग बंद करा ही मागणी १८२८ पासून फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या कामगार पक्षांनी लावून धरली, तेव्हा कुठे न्यूयॉर्कने १८३१ मध्ये तो बंद केला. आणि कोणत्याही धंद्यातल्या माणसाला स्वतःहून दिवाळखोरी मागता येईल असा कायदा यायला १८४१ उजाडलं. हजारो सामान्य लोकांनी त्याचा फायदा घेतला. धनकोंनी ओरड केली आणि १८४३ मध्ये काँग्रेसने तोही मागे घेतला.